शांत पट्ट्यातली घरे

4 डिसेंबर 2024. सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली-चंद्रपूरपासून थेट भंडारा-गोंदियापर्यंत जमीन हलली. धानाच्या मळणीचे दिवस होते. घाबरून बाहेर आलेली माणसे थोड्याच वेळात कामाला लागली. ‘आपल्याकडे कुठले भूकंप!’ ही समजूत भंडारा जिल्ह्यात पक्की आहे, आणि देशाच्या 2002च्या भूकंप-धोक्याच्या नकाशातही पूर्व विदर्भाचा बराचसा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. मला धास्ती वाटते ती याच समजुतीची. लातूर जिल्ह्यातली किल्लारीही 1993च्या भूकंपाआधीच्या नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यातच होती.

किल्लारीच्या जमिनीने तर इशाराही दिला होता. 1992च्या पावसाळ्यापासून तिथे लहान धक्के बसत होते. 30 सप्टेंबर 1993ची पहाट अजून उजाडायची होती. गणपती विसर्जन करून गाव नुकतेच झोपले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि उन्हापासून बचाव म्हणून थरावर थर चढवलेले मातीचे माळवद झोपलेल्यांवर कोसळले. लातूर-उस्मानाबादमधले मृत्यू आठ ते दहा हजारांच्या दरम्यान मोजले गेले.

जे वाचले, त्यांचा भूकंप त्या पहाटे संपला नाही. मुख्य हादऱ्यानंतर आसपासच्या खडकातला उरलेला ताण टप्प्याटप्प्याने मोकळा होतो, म्हणून पुढचे धक्के महिनोन्‌महिने बसत राहिले. तडा गेलेल्या भिंतीला लहानसा हिसकाही पुरतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. ज्यांची घरे उभी होती तेही दगडी भिंतीच्या आत झोपायला धजेनात. अंगणात पत्र्याचे शेड मारून राहू लागले. 52 गावे नव्या जागी वसवली गेली, पण ती भीती सोबत गेलीच.

भंडाऱ्याला या भीतीची चाहूल 22 मे 1997 रोजी लागली. पहाटे जबलपूर हादरले, तेव्हा वैदर्भीय उन्हाळ्यामुळे इकडे कितीतरी लोक अंगणात, गच्चीवर बाजा टाकून झोपलेले होते. तो भूकंप खूप खोलवरचा, म्हणून धक्का दूरवर जाणवला आणि मागाहूनचे धक्के मात्र मोजकेच राहिले.

आपल्या जुन्या घरांवर निदान कवेलूचे छप्पर होते, माळवदापेक्षा कितीतरी हलके. आता गावोगावी विटांच्या भिंतींवर स्लॅब पडतो आहे. चारही भिंतींना एकत्र बांधणारी सिमेंट-सळईची सलग पट्टी लिंटेलच्या, म्हणजे दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या पातळीवर हवी, कोपऱ्यांत उभी सळई हवी. किल्लारीनंतरच्या बांधकामात यावरच भर होता. सरकारी घरकुलाचे पैसे कामाचा टप्पा तपासूनच मिळतात. स्लॅब पडण्याआधीच्या तपासणीत ही पट्टीही पाहावी, आणि ती नसेल तर पुढचा हप्ता थांबवून आधी ती घालून घ्यावी.