सुपरहिरोला घर कोण देतं? : 'बहादूर' आणि मानलेल्या नात्यांचा पाठ



सातवी-आठवीच्या मुलांना विचारून बघा, सुपरहिरो कोणाला म्हणायचं? जो उडतो तो, भिंतीवर चढतो तो, ज्याच्या हातातून वीज निघते तो, अशी उत्तरं धडाधड येतात. मग दुसरा प्रश्न विचारा. या सगळ्यांना लहानाचं मोठं कोणी केलं? इथे मुलं थांबतात, आठवू लागतात. थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात येतं की यातल्या बऱ्याच जणांना त्यांच्या जन्मदात्यांनी वाढवलेलंच नाही.

आजच्या लेखात आपण सुपरहिरोंच्या चित्रकथांमधली ही बाजू पाहणार आहोत. 'कुटुंब' हा घटक शिकवताना तिचा फार उपयोग होतो.

पोरकी मुलं आणि सुपरहिरो

सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेत आला. त्याचा ग्रह नष्ट होतो आणि तान्हं बाळ पृथ्वीवर येऊन पडतं. केंट नावाचं साधं शेतकरी जोडपं त्याला आपलं मानून वाढवतं. ही कथा रचणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले तरुण होते. सीगल यांचे वडील १९३२ मध्ये, दुकानात चोरी झाली त्या वेळी वारले. दुसऱ्या देशातून आलेली घरं आणि अकाली गेलेले वडील, या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

बॅटमॅनचे आईवडील त्याच्या डोळ्यांसमोर मारले जातात. पुढे १९४० साली तो रॉबिन या मुलाला आपल्या घरी आणतो. रॉबिनचे आईवडील सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करायचे, त्यांचाही खून झालेला असतो. म्हणजे एक पोरका माणूस दुसऱ्या पोरक्या मुलाला घर देतो. स्पायडरमॅनला काका-काकू वाढवतात. १९६३ साली आलेल्या एक्स-मेन मालिकेत तर शाळाच घर होते. जगाने 'विचित्र' ठरवलेली मुलं एका शिक्षकाच्या छताखाली एकत्र राहतात. शिक्षक म्हणून आपल्याला हे वाचायला नक्कीच आवडेल!

अलीकडे किशोरवयीन वाचकांसाठी अशा कथा पूर्ण पुस्तकाच्या रूपात येतात. त्यांना ग्राफिक नॉव्हेल किंवा चित्रकादंबरी म्हणतात. २०१९ साली आलेली 'टीन टायटन्स : रेव्हन' ही त्यातलीच एक. लेखिका कामी गार्सिया, चित्रकार गॅब्रिएल पिकोलो. यातली रेव्हन सतरा वर्षांची आहे. तिला सांभाळणारी आई अपघातात जाते आणि रेव्हनची स्मृतीही जाते. मग त्या आईच्या बहिणीच्या घरी ती राहायला येते. तिच्याकडे अद्भुत शक्ती आहे, पण 'या घरात मी कोण?' हा प्रश्न काही त्या शक्तीने सुटत नाही.

आपल्याकडचा बहादूर

हे सगळं परदेशातलं झालं. पण याहून अवघड गोष्ट आपल्या मुंबईतून निघालेल्या चित्रकथेत सांगून झाली आहे.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पालकांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. इंग्रजी, हिंदी, मराठी आणि इतर काही भारतीय भाषांत ती निघायची. वेताळ आणि मँड्रेक हे तिचे लाडके नायक. वेताळाची मूळ कथासुद्धा अशीच आहे. समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एकटा तरुण किनाऱ्यावर वाहून येतो आणि जंगलातले लोक त्याला जगवतात.

याच मालिकेत १९७६ च्या अखेरीस 'बहादूर' आला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. केशरी कुर्ता आणि खाली जीन्स घालणारा हा नायक अस्सल देशी होता. उडणं नाही, मुखवटा नाही. जयगडमध्ये तो नागरिक सुरक्षा दल उभं करतो आणि सामान्य माणसांना सोबत घेऊन गुन्हेगारीशी लढतो.

आता त्याचं घर बघा. बहादूर हा एका डाकूचा मुलगा. त्याचा बाप पोलीस अधिकारी विशाल यांच्याकडून मारला जातो आणि तेच विशाल या मुलाला स्वतःच्या मुलासारखं वाढवतात. ज्याने बापाला मारलं, त्याच्याच घरचं अन्न खाऊन मुलगा मोठा होतो! बहादूरच्या मनात सूडाची आग असते. पण बापाने लोकांचं काय केलं आणि विशाल कसे आहेत, हे दोन्ही कळल्यावर तो सूडाची वाट सोडून देतो.

त्या काळात डाकू हा विषय लोकांच्या रोजच्या वाचनात होता. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने चंबळ खोऱ्यातल्या शेकडो डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती. त्या शस्त्रांच्या मागे राहिलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न एका मुलांच्या कॉमिक्सने विचारला, हे मला फार मोलाचं वाटतं.

'मानलेला' हा शब्द

मराठीत यासाठी एक सुंदर शब्द आहे, 'मानलेला'. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली मुलगी. 'मानणे' हे क्रियापद आहे, म्हणजे ते करावं लागतं. रक्ताचं नातं आपोआप मिळतं, मानलेलं नातं रोज निभवावं लागतं. सकाळी उठवणं, डबा देणं, ताप आला तर रात्रभर जागणं, या सगळ्या कामांतून ते तयार होतं.

कर्णाची गोष्ट मुलांना माहीत असते. तो कुंतीचा मुलगा आहे हे श्रीकृष्ण त्याला युद्धापूर्वी सांगतात. तरीही कर्ण आपल्याला वाढवणाऱ्या राधा आणि अधिरथाला सोडायला तयार होत नाही. म्हणून तर त्याचं 'राधेय' हे नाव आपल्या इतकं ओळखीचं आहे. कर्ण आणि बहादूर शेजारी ठेवले की वर्गात छान चर्चा होते. दोघांनाही जन्माचं सत्य कळतं. दोघांनाही ठरवायचं असतं, की आपले कोण?

कुटुंबाचा पाठ कोणाला जड जातो?

आता मुद्द्याचं बोलूया. 'माझे कुटुंब' या विषयावर आपण चित्र काढायला सांगतो किंवा कुटुंबवृक्ष भरायला देतो. वर एक चौकोन आईचा, एक वडिलांचा. बहुतेक मुलं भराभर लिहितात. पण प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अशी असतात, की जी पेन्सिलीला टोक करत बसतात.

नवी मुंबईसारख्या शहरात तर हे अधिकच. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि इथे नवं शहर वसू लागलं. मूळचे आगरी-कोळी गावकरी सोडले तर बाकी आपण सगळे कुठून ना कुठून आलेले. वाशीच्या बाजारात काम करणारे माथाडी कामगार सातारा-सांगलीकडचे, बांधकामावरची कुटुंबं आणखी लांबची. कोणी मूल मामाकडे शिकायला असतं, कोणाला आजी सांभाळते, कोणाचे वडील कोरोनात गेलेले असतात, कोणी बालगृहातून शाळेत येतं. शेजारच्या मावशीकडेच अर्धा दिवस जाणारी मुलं तर कितीतरी. या मुलांना घर नाही असं नाही. आपल्या चौकोनात ते घर बसत नाही, एवढंच.

अशा मुलासमोर 'बिचारा' म्हणून सहानुभूती दाखवण्यापेक्षा बहादूरची गोष्ट ठेवावी. मग त्याच्या घराबद्दल त्याला न विचारताही आपण वर्गात बोलू शकतो.

वर्गात करून बघण्यासारखं

इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद झालं. जुने अंक आता सहज मिळत नाहीत, पण पुस्तक हातात नसलं तरी चालतं.

१. बहादूरची गोष्ट तोंडी सांगा. मग मुलांना कागदाचे चार भाग करून चार चौकटी काढायला सांगा. प्रसंग एकच : बहादूरला सत्य कळतं आणि तो घरी येतो. एका चौकटीत संवादाचा फुगा अजिबात नको. बोलल्याशिवाय भावना कशी दाखवायची, हे मुलं इथे शिकतात. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधली रिकामी जागाही बोलते. त्या जागेत काय घडलं असेल, हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं. वाचनाचा कंटाळा करणारी मुलंही या खेळात रमतात.

२. कुटुंबवृक्षाऐवजी 'माझी माणसं' हे वर्तुळ काढून घ्या. मध्ये स्वतःचं नाव. भोवती या प्रश्नांची उत्तरं : मला सकाळी कोण उठवतं? आजारी पडलो तर दवाखान्यात कोण नेतं? चांगली गोष्ट घडली की मी आधी कोणाला सांगतो? आई-वडील, आजी, शेजारी, ताई, कोणीही येऊ शकतं. वर्तुळ मोठ्याने वाचून दाखवायची सक्ती नको.

३. मोठ्या मुलांसाठी चर्चेचा प्रश्न : विशाल यांनी बहादूरला सत्य कधी सांगायला हवं होतं? यावर एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना भांडू द्या, फक्त कारणं विचारत राहा.

थोडं सांभाळून

या कथांमध्ये एक खाच आहे. सगळी पोरकी मुलं पुढे जगाला वाचवतात! त्यातून नकळत असा संदेश जातो, की तुला कोणी सांभाळलं ना, मग आता मोठं काहीतरी करून ते फेड. आपण मोठी माणसंही पटकन म्हणतो, "मामांनी एवढं केलं तुझ्यासाठी, जाणीव ठेव." लहान मुलासाठी हे ओझं फार मोठं असतं. सांभाळलं जाणं हा त्याचा हक्क आहे. त्यासाठी त्याला पहिला नंबर काढावा लागू नये आणि हिरोही व्हावं लागू नये. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

तसंच जन्मदात्यांना खलनायक करू नका. बहादूरचा बाप गुन्हेगार असला तरी त्याचा बापच होता. त्याची आठवण येणं चूक नाही.

आणि एक उपयोगाची माहिती. आई-वडिलांचं छत्र हरवलेल्या मुलाला नातेवाईक सांभाळत असतील तर महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. एखादं मूल संकटात दिसलं तर १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक मुलांना पाठ असू द्या.

बहादूरचे लेखक आबिद सुरती यांनी पुढे २००७ मध्ये मीरा रोडला एक वेगळंच काम सुरू केलं. प्लंबरला सोबत घेऊन ते घरोघरी जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे, पाणी वाचावं म्हणून. मुलांना हे जरूर सांगा. बिनशक्तीचा हिरो लिहिणारा माणूस स्वतः तसंच जगला.

पुढच्या वेळी कुटुंबाचा पाठ घ्याल तेव्हा वृक्षाच्या जागी वर्तुळ देऊन बघा. टोक करत बसलेली पेन्सिल कागदावर टेकते का, तेवढं पाहा.