गुडघ्यातली गादी फाटली तर?

मैत्रिणींनो, आज आपण गुडघ्याबद्दल बोलू. आपल्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी, हळदीची वेचणी, खुरपण ही सगळी कामं उकिडवं बसून होतात. डोक्यावर भारा असताना, चिखलात पाय रुतलेला असताना अंग वळलं की गुडघ्यात कट्‌कन आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो. मुरगळला असेल, चोळलं की जाईल, असं आपण म्हणतो. पण कधीकधी आतली गादी फाटलेली असते.

मांडीचं आणि नडगीचं हाड जिथं टेकतं, तिथं चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. त्या धक्का झेलतात. एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. म्हणून गुडघा हाताने तपासून, गरज पडली तर डॉक्टर एमआरआय करायला सांगतात.

आता मुद्द्याची गोष्ट. गादीच्या बाहेरच्या काठाला रक्त मिळतं, आतल्या भागाला जवळजवळ मिळत नाही. रक्त पोचतं तिथली जखम भरते. म्हणून काठाजवळची ताजी फाट टाके घालून जुळवता येते. आतल्या भागातली बहुतेक वेळा जुळत नाही. मग लोंबणारा तुकडा तेवढा कापून काढतात. दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीनं, लहान छिद्रांतून होतात. पूर्वी अख्खी गादीच काढून टाकत. अशा गुडघ्यात पुढे बदल होतात, हे फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी 1948 साली एक्स-रेवरून दाखवलं. म्हणून आता जमेल तेवढी गादी वाचवतात.

मग ऑपरेशन कुणाला लागतं? गुडघा अडकून बसला, सरळच होईना, तर लवकर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तो ओढून, झटका देऊन सरळ करायला कुणालाही देऊ नका. तरुणपणी मार लागून फाटलेली गादी वेळेत दाखवली, तर टाके घालता येण्याची शक्यता जास्त.

चाळिशीनंतर हळूहळू झिजून फाटलेल्या गादीचं वेगळं. फिनलंडमध्ये 146 जणांवर अभ्यास झाला, तो 2013 मध्ये छापून आला. काहींची फाटलेली गादी खरोखर कापली, काहींचं ऑपरेशन केल्याचं फक्त भासवलं. वर्षभरानं दोघांनाही सारखाच आराम होता. म्हणून अशा दुखण्यात आधी व्यायाम. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्यानं खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

ऑपरेशन ठरलंच, तर डॉक्टरांना विचारा: टाके घालणार की तुकडा काढणार? तुकडा काढला तर बाई लवकर चालू लागते. टाके घातले तर काही आठवडे कुबड्या आणि पट्टा लागतो आणि उकिडवं बसणं काही महिने बंद. सुगी तोंडावर असली की "लवकर उठवा" असं म्हणावंसं वाटतं. पण टाके घालता येत असतील, तर ते काही महिने पुढच्या कित्येक वर्षांच्या चालण्यासाठी आहेत. ऑपरेशननंतर ताप आला, जखमेतून पू आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे दाखल होण्याआधीच विचारा. हेल्पलाइन 155388.

आणि बचतगटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: आपल्यातली एखादी कुबड्यांवर असेल, तेव्हा तिचं पाणी कोण भरेल, तिच्या वाट्याचं खुरपण कोण करेल? तिला बरं होण्यासाठी टाक्यांइतकीच या उत्तराची गरज आहे.