ढग वर नाही, भोकरपाड्याला आहे!

मागच्या महिन्यात बऱ्याच वर्षांनी हॉस्टेलवर आलो होतो. "माजी विद्यार्थी म्हणून मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिहा" असं संपादक मंडळाने सांगून ठेवलं होतं आणि विषय काही सुचत नव्हता. गेटबाहेरच्या टपरीवर थर्ड इयर कॉम्प्युटरची चार-पाच पोरं भेटली. त्यांनी मेससाठी एक अ‍ॅप बनवलंय. रात्री जेवणार की नाही ते दुपारी चारपर्यंत टाकायचं, म्हणजे मेसच्या काकांना पोळ्यांचा अंदाज येतो. (आमच्या वेळी वही होती आणि त्या वहीत दुसऱ्याच्या नावापुढे फुली मारणारे महाभागही होते. असो.)

मी विचारलं, "हे चालतं कुठे?"

"दादा, क्लाउडवर."

"हो, पण क्लाउड म्हणजे कुठे?"

त्यातल्या एकाने चक्क वर बोट दाखवलं!

सगळे हसले, मीही हसलो. पण नंतर लोकलमध्ये बसल्यावर वाटलं की आपल्या धंद्यातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ त्या वर केलेल्या बोटात आहे. विषय सापडला.

तर मित्रांनो, क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेत ठेवलेला, भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. त्या जागेला पत्ता असतो, वीज मीटर असतं, वॉचमन असतो. असा एक पत्ता आपल्या पनवेलचाच आहे. पळस्पे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुढे गेलं की भोकरपाड्याला हिरानंदानी फॉर्च्युन सिटी लागते. तिथे 'योटा' कंपनीचं एनएम-१ नावाचं डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये त्याचं उद्घाटन झालं. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॅट वीज अशी त्याची जाहीर क्षमता. विमानतळाबद्दल पनवेलमधला रिक्षावालाही तासभर बोलेल, पण या इमारतीबद्दल हॉस्टेलमध्ये विचारलं तर दहातल्या दोघांना माहीत होतं. त्यातला एक इलेक्ट्रिकलचा होता!

रॅक म्हणजे लोखंडी कपाट. त्यात सर्व्हर आडवे, एकावर एक बसवलेले असतात. आता ५० मेगावॅट म्हणजे किती ते आपण इंजिनीअर आहोत तर कागदावर करू. पूर्ण क्षमतेने महिनाभर, म्हणजे ७२० तास चाललं तर ३ कोटी ६० लाख युनिट. घरटी महिन्याला २०० युनिट धरली तर एक लाख ऐंशी हजार घरं. एका इमारतीसाठी! प्रत्यक्षात रॅक हळूहळू भरतात, पूर्ण लोड रोज नसतो, पण आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. हाच आकडा रॅकवर वाटला तर एका कपाटाच्या वाट्याला सुमारे ७ किलोवॅट येतात.

ही सगळी वीज शेवटी उष्णता होते. सर्व्हर काही उचलत नाही की ढकलत नाही, त्यामुळे आत गेलेला जवळजवळ प्रत्येक वॅट बाहेर गरम हवा होऊन येतो. ती उष्णता बाहेर काढायला चिलर, पंप, पंखे, म्हणजे आणखी वीज. काही ठिकाणी कूलिंग टॉवरमध्ये पाण्याचं बाष्प करून उष्णता काढतात. त्यात वीज वाचते, पाणी जातं. काही ठिकाणी एअर-कूल्ड चिलर असतात. तिथे पाणी वाचतं, वीज जास्त लागते. फुकट काहीच नाही. मे महिन्यात देहरंग धरणाकडे डोळे लावून बसणाऱ्या आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. नवं डेटा सेंटर येतंय म्हटलं की 'किती नोकऱ्या' याच्याबरोबर 'कुठलं कूलिंग' हेही विचारलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एनएम-१ ला अपटाइम इन्स्टिट्यूटचं 'टिअर फोर' प्रमाणपत्र आहे. साध्या भाषेत, कुठलंही एक यंत्र किंवा एक लाइन बंद पडली किंवा दुरुस्तीला काढली तरी आतले सर्व्हर बंद पडता कामा नयेत. म्हणजे विजेचे दोन स्वतंत्र रस्ते. ग्रिड गेली की आधी यूपीएसच्या बॅटऱ्या काही काळ सांभाळतात, तेवढ्यात डिझेल जनरेटर लोड घेतात. हा प्रकार मी स्वतः उलट्या बाजूने अनुभवलाय. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या, ते आठवत असेल. मी तेव्हा ठाण्याला राहायचो, वर्क फ्रॉम होम. घरात पंखा बंद, वायफाय बंद, लिफ्ट बंद. मोबाइलचं नेट जोडून लॉगिन केलं तर मुंबईतला आमचा सर्व्हर मजेत चालू! त्याला काही झालंच नव्हतं. घामाने निथळत मी त्या थंडगार खोलीतल्या मशीनला कमांड देत बसलो होतो.

पण इमारत कितीही भक्कम असली तरी तुमचा मूर्खपणा ती थांबवू शकत नाही. हे मी स्वतःवरून सांगतो. २०१३ मध्ये आमच्या छोट्या कंपनीचं औषधांच्या होलसेल दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर होतं. सर्व्हर भाड्याचा. रोज रात्री बॅकअप घ्यायची स्क्रिप्ट मीच लिहिलेली आणि त्याचा मला कोण अभिमान! बॅकअप जायचा त्याच मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर. एके रात्री डिस्क कंट्रोलर गेला आणि दोन्ही डिस्क एकदम कचऱ्यात. बाहेर काढलेली शेवटची कॉपी पाच दिवसांपूर्वीची होती, तीही एका सहकाऱ्याने टेस्टिंगसाठी सहज उतरवलेली. पाच दिवसांची बिलं दुकानदारांच्या माणसांनी कार्बन कॉप्यांवरून परत टाइप केली. एका दुकानातले वयस्कर अकाउंटंट मला फोनवर इतकंच म्हणाले, "साहेब, तुम्ही दुसरी चावीपण त्याच खिशात ठेवली होती." आयुष्यात खाल्लेल्या शिव्यांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं.

तेव्हापासून कुठलाही प्रोजेक्ट हातात आला की मी आधी विचारतो, हे कुठे आहे? आणि त्याची कॉपी कुठे आहे?

मेसच्या अ‍ॅपचं हेच विचारलं. पोरांनी लॅपटॉप उघडला, तर रीजन निघालं अमेरिकेतलं व्हर्जिनिया! "का रे?" "दादा, डिफॉल्ट तेच आलं." म्हणजे रूममधून मेसमध्ये निरोप द्यायचा, अंतर शंभर पावलं. तो निरोप समुद्राखालच्या केबलमधून व्हर्जिनियाला जाणार आणि परत येणार. सरळ रेषेत एका बाजूचं अंतर १३ हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर निसर्गाचाच टोल आहे. केबल वाकडीतिकडी जाते, मधे राउटर लागतात, म्हणून प्रत्यक्षात आम्ही पिंग मारलं तेव्हा दोनशेच्या वर गेलं. मुंबईच्या सर्व्हरला मारलं तर दहा-बारा. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन जून २०१६ पासून आहे, गुगलचं २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं त्याही आधी २०१५ पासून. एक ड्रॉपडाउन बदलायचा कंटाळा, दुसरं काय!

त्याच व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये २० ऑक्टोबर २०२५ ला मोठा गोंधळ झाला होता. डीएनएसच्या नोंदी आपोआप अपडेट करणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या पायात आले आणि एका महत्त्वाच्या डेटाबेस सेवेचा पत्ताच रिकामा झाला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला आपण 'रेस कंडिशन'ची व्याख्या पाठ करून लिहितो ना, तीच ही. जगभरातली अ‍ॅप्स तासन्‌तास बंद. आपल्या पोरांना पत्ताच नाही, कारण त्या दिवशी नरक चतुर्दशी, सगळे घरी फराळ खात होते.

आता थोडं गंभीर. डेटा भारतात ठेवा, हा आग्रह तुम्ही ऐकला असेल. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा आदेश काढला आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत मुदत दिली. या आग्रहाला माझा पाठिंबा आहे. पण इमारत इथे आहे म्हणजे सगळं आपल्या हातात आहे असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या 'नायरा एनर्जी'चं काय झालं ते बघा. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा. युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिचे ई-मेल आणि टीम्स बंद केले. पैसे भरलेले, लायसन्स चालू, रिफायनरी गुजरातेत, भारतात कुठलाही गुन्हा नाही, तरी कर्मचाऱ्यांच्या मेलबॉक्सला कुलूप! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. निर्बंध बरोबर की चूक हा वाद राजकारण्यांनी घालावा. डेव्हलपर म्हणून मला एवढंच दिसतं की कपाट कुठे आहे हा एक प्रश्न आणि किल्ली कोणाकडे हा दुसरा. भोकरपाड्यात कपाट असून किल्ली समुद्रापार असू शकते. म्हणून डेटा एक्स्पोर्ट करता येतो का, दुसरीकडे चालवता येतो का, हे प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात करून बघा. आग लागल्यावर विहीर खोदायला घेऊ नका.

राहिला एआयचा प्रश्न, जो टपरीवर शेवटी आलाच. "दादा, कोडिंग संपलं का?"

एआयसुद्धा अशाच कपाटात राहतं, पण फार खादाड. २०२४ मध्ये योटाने एनव्हिडियाच्या एच-१०० चिप आणल्या. एका चिपची भूक ७०० वॅटपर्यंत, म्हणजे घरातला मिक्सर न थांबता चोवीस तास. अशा आठ चिप असलेली एनव्हिडियाची पेटी पूर्ण जोरात १० किलोवॅटच्या आसपास खेचते. वर काढलेलं गणित आठवा, सरासरी अख्ख्या कपाटाच्या वाट्याला ७ होते! इथे एकच पेटी त्याच्या पुढे गेली. त्यामुळे डेटा सेंटरचं वायरिंग, कूलिंग, सगळंच नव्याने मांडावं लागतंय. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आयटी म्हणजे फक्त कॉम्प्युटरवाल्यांची मिरास हा समज सोडा. ट्रान्सफॉर्मर, चिलर, जनरेटर, आग विझवायची यंत्रणा हे सगळं तुमच्या सिलॅबसमध्ये आहे, आमच्या नव्हतं.

आणि कोडिंग? खोटा धीर देणार नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे बारा हजार लोक, म्हणजे दोन टक्के, कमी करायचं जाहीर केलं. साधे फॉर्म, साधे रिपोर्ट, टेस्टच्या फाइल्स, म्हणजे जे काम करत करत आम्ही पहिली दोन वर्षं शिकलो, ते आज माझ्या टीममध्येही एआय लिहितं आणि बरं लिहितं. नवीन मुलं कमी घेतली जातात, हे मी मीटिंगमध्ये बसून बघतोय. मला त्याचा त्रास होतो, कारण आज ज्युनिअर नाहीत तर दहा वर्षांनी सीनिअर येणार कुठून, याचं उत्तर मीटिंगमधल्या कोणाकडेच नाही. आमची २००८ ची बॅच. हातात ऑफर लेटर होतं आणि जॉइनिंग अकरा महिन्यांनी आलं. ते अकरा महिने मी खांदा कॉलनीत एका क्लासमध्ये सी शिकवलं. तेव्हाही लोक म्हणत होते आयटी संपलं. ते चुकले, म्हणून आजचेही चुकतीलच असं मात्र मी म्हणणार नाही, तेव्हाचं कारण मंदी होतं, आजचं वेगळं आहे.

मी मुलाखती घेतो तेव्हा काय बघतो ते सांगतो. एआयने लिहिलेले चाळीस ओळींचे कोड समोर ठेवतो आणि विचारतो, हे कुठे फुटेल? दहा हजार लोक एकदम आले तर? मधेच नेट गेलं तर? बिल किती येईल? बरेच जण सुंदर बोलतात आणि इथे गप्प होतात. मागे एका मुलीने मात्र शांतपणे विचारलं, "सर, डेटाबेस आणि हा प्रोग्रॅम एकाच शहरात आहेत का?" तिला आम्ही घेतलं. मार्क विचारले नाहीत, नंतर कळलं फर्स्ट क्लासही थोडक्यात हुकला होता.

मेसच्या अ‍ॅपचं काय झालं? पोरांनी ते मुंबई रीजनला हलवलं. रोज रात्री एक कॉपी हॉस्टेलमधल्या एका जुन्या पीसीवर उतरते. बिलाकडे बघितलं तर मशीन चोवीस तास चालू होतं, त्याचे पैसे पाच जण वर्गणी काढून भरत होते. आता ते रात्री अकरा ते सकाळी सहा बंद असतं. अजून कोणी तक्रार केलेली नाही, त्या वेळात मेसपण बंद असते. काका मात्र वही ठेवतातच. त्यांनी ती काउंटरवर नाही, घरी नेऊन ठेवलीय, ते बघून मला त्या अकाउंटंटची आठवण झाली.