उन्हाचा बंब

विजेवर तापविलेल्या पाण्यानें स्नान करावयाचें आणि मग सूर्यनारायणास अर्घ्य द्यावयाचें, यांतील विसंगति आमच्या ध्यानांत येण्यास बरींच वर्षें लागलीं. ध्यानांत आल्यावर मात्र पुण्यांतील आमच्या घराच्या गच्चीवर उन्हाचा बंब स्वतःच्या हातांनीं बसविण्याचें आम्ही ठरविलें. त्या उद्योगांत जी फजिती झाली, तिच्यापासून वाचकांस कांहीं लाभ व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु.

ही युक्ति नवी नव्हे. सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानें १७६७ सालीं कांचेच्या पेटींत ऊन कोंडून त्याची उष्णता अजमावली; आणि १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें पाणी तापविणारी पेटी व तें सांठविणारी टांकी हीं निरनिराळीं केलीं. आमचा बंब याच वळणाचा आहे. काळ्या रंगविलेल्या तांब्याच्या पत्र्यास डाख देऊन तांब्याच्या नळ्या जोडल्या, वर कांच बसविली व मागें उष्णता रोखणारें अस्तर घातलें. पेटी दोन चौरस मीटरांची, टांकी १०० लिटरांची. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश. परंतु ऊन पाण्याची गरज थंडींत अधिक आणि सूर्य तेव्हां दक्षिणेस कललेला, म्हणून पेटी दक्षिणाभिमुख ठेवून तिला ३० अंशांचा उतार दिला.

येथें पंपाची आवश्यकता नाहीं. तापलेलें पाणी हलकें होऊन वरच्या नळानें टांकींत चढतें आणि टांकीच्या तळचें थंड पाणी खालच्या नळानें पेटींत उतरतें. यासाठीं टांकीचा तळ पेटीच्या माथ्याहून फूटभर तरी उंच हवा. नाहीं तर रात्रीं हाच प्रवाह उलटा वाहून दिवसाची कमाई आकाशास परत जाते.

एवढें यथासांग करूनहि पहिले चार दिवस टांकींतील पाणी थंडच! माळ्यावरील जुना बंब खालीं काढावा काय, अशी घरच्या वडील मंडळींनीं पृच्छाहि केली. पेटीजवळचा वरचा नळ मात्र हात लावूं देईना. शोध करतां दिसून आलें कीं, कठड्यास वळसा घालतांना तो नळ मध्येंच उंच होऊन पुनः खालीं उतरला आहे. त्या कुबडांत हवा अडकून प्रवाह तुंबला होता. नळ पेटीपासून टांकीपर्यंत सारखा चढता करतांच दोन तासांत टांकी ऊन लागूं लागली.

तेव्हांपासून दोष ओळखण्याची आमची रीति सोपी आहे. नळ तापलेला व टांकी थंड, तर हवा अडकली असावी किंवा टांकींतील पाणी वरच्या नळाच्या तोंडाखालीं गेलें असावें. नळहि कोमटच, तर कांचेवरील धूळ व शेजारच्या झाडाची सावली पाहावी. सायंकाळीं कढत आणि पहाटे थंड, तर टांकीचें वेष्टण किंवा रात्रींचा उलटा प्रवाह तपासावा. कूपनलिकेचें जड पाणी असल्यास नळ्यांत क्षार सांचतो, हेंहि विसरूं नये.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. टांकीच्या माथ्यावर वाफेसाठीं उघडी नळी ठेवावी व ती कधींहि बुजवूं नये. शिवाय १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो भार. म्हणून टांकी भक्कम भिंतीवर अगर तुळईवरच बसवावी.

पावसाळ्यांत सूर्य रजेवर असतो, तेव्हां गिझर आहेच. एरवीं सूर्यनारायण आपलें काम बिनबोभाट करतो. त्याच्या वाटेंत आपण कुबड ठेवलें नाहीं म्हणजे झालें.