अंगावर उठतं ते पित्त की रंग?

रविवारी रात्री मेस बंद. हॉस्टेलवर आल्यावर हे वाक्य टाइमटेबलच्याही आधी पाठ होतं. दुपारी फीस्ट हाणलेली असते, संध्याकाळी क्रिकेट होतं, आठ-साडेआठला पुन्हा भूक लागते आणि सगळी जनता गेटसमोरच्या गाड्यांवर जमा होते. फर्स्ट इयरला मीही त्या गर्दीत असायचो. फरक एवढाच, की रात्री अकराच्या सुमाराला बाकीचे पत्ते कुटायला बसायचे आणि मी अंग खाजवत बसायचो. आधी तळहात, मग मान, मग पोटावर चांगल्या रुपयाएवढ्या लाल गांध्या. सकाळपर्यंत सगळं गायब!

आपल्याकडे याला एकच नाव आहे, "अंगावर पित्त उठलं." आणि त्यावर सल्ले देणाऱ्यांना तोटा नाही. "आमसुलाचं पाणी चोळ." "जागरणं कमी कर." "सबमिशनचं टेन्शन आहे रे, दुसरं काही नाही." आई फोनवर म्हणायची, "बाहेरचं खाऊ नकोस." सल्ला शंभर टक्के खरा, पण रविवारी रात्री खायचं काय? शिवाय घोळ असा होता, की कधीकधी फीस्टच्या दिवशी मेसमध्ये जेवूनही पित्त उठायचं आणि कधी गाडीवर पोटभर खाऊनही काहीच व्हायचं नाही. म्हणजे "बाहेरचं" हे उत्तर काही समीकरणात बसत नव्हतं.

ते उत्तर शोधायला मला जवळजवळ सहा महिने लागले. दुसऱ्या कुणाला एवढे लागू नयेत, म्हणून हा लेख.

ॲलर्जी आणि सोसत नसणं

आधी थोडी थिअरी. आपल्या त्वचेखाली मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन साठवलेलं असतं. ते बाहेर पडलं, की बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, त्वचा फुगते, खाज सुटते. हीच ती गांधी. डॉक्टरी भाषेत अर्टिकेरिया. जठरातल्या आम्लपित्ताशी तिचा काही संबंध नाही, नाव मात्र तेच चिकटलं आहे.

शेंगदाणा किंवा कोळंबी यांची खरी ॲलर्जी असते, तेव्हा शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवलेली असते. अगदी कणभर खाल्लं तरी ती जागी होते, आणि चाचणीत दिसतेही. खाण्यात मिसळलेले रंग, टिकवणारी रसायनं, चव वाढवणारी रसायनं यांचं बहुतेक वेळा तसं नसतं. त्यांच्या बाबतीत अशी अँटिबॉडी सहसा सापडत नाही. त्यामुळे नेहमीच्या ॲलर्जीच्या चाचणीत रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि लोक म्हणतात, "बघ, सगळं तुझ्या मनात आहे!" दुसरी गोष्ट, इथे मात्रेला महत्त्व असतं. थोडं खाल्लं तर निभावतं, जास्त झालं तर उठतं. म्हणूनच हा गुन्हेगार लवकर सापडत नाही.

पहिला संशयित : अजिनोमोटो

गाडीवर चायनीज खाऊन त्रास झाला म्हटल्यावर सगळ्यांचं बोट एकाच पांढऱ्या पावडरकडे जातं. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, पाकिटावरचा आकडा ६२१. जपानचे किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि ही चव जगापुढे आणली. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हापासून ही पावडर कायमची आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.

पुढे यावर "डबल ब्लाइंड" चाचण्या झाल्या. म्हणजे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि खाणाऱ्यालाही माहीत नाही, की कुठल्या ग्लासात काय आहे. अशा चाचण्यांत अजिनोमोटो आणि त्रास यांची जोडी सातत्याने जुळली नाही. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा, घाम असा त्रास होतो. पण एका वेळच्या खाण्यात ते साधारण अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमीच असतं. आणि ग्लुटामेट टोमॅटोतही असतं, चीजमध्येही असतं.

मीसुद्धा दोन महिने "अजिनोमोटो नको" म्हणत फिरलो. गाडीवाले काका बिचारे घालायचे नाहीत. पित्त उठायचं ते उठायचंच!

वही

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी औषधाच्या आधी एक वही लिहायला सांगितली. चार रकाने : काय खाल्लं, कुठे, किती वाजता, काय झालं. इंजिनिअरिंगच्या भाषेत फॉल्ट फाइंडिंग. जर्नलं कॉपी करण्यात माझा हात बसलेला होताच, हे पहिलंच जर्नल स्वतःचं लिहिलं.

दोन महिन्यांनी वही समोर ठेवली. पित्त उठलं ते दिवस : फीस्टची जिलबी, शेजवान राइस, तंदुरी, पावडरीचं ऑरेंज सरबत, गॅदरिंगच्या जेवणातला केशरी-हिरव्या शितांचा पुलाव. न उठलेले दिवस : डोसा, वडापाव, ऑम्लेट-पाव आणि साधे हक्का नूडल्स, तेही अजिनोमोटो भरपूर घातलेले. जिलबी आणि तंदुरी यांच्यात सारखं काय असू शकतं? चव नाही, मसाला नाही, तेल नाही. फक्त रंग!

डॉक्टरांनी चार आठवडे कृत्रिम रंग पूर्ण बंद करायला लावले. चार आठवडे एकही गांधी उठली नाही.

रंगाचं गणित

आपल्या देशात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठ. त्यातले पिवळा टारट्राझिन (आकडा १०२), नारिंगी सनसेट यलो (११०), लाल कार्मोइसिन (१२२) आणि पाँसो ४ आर (१२४) आपल्या ताटात जास्त येतात. टारट्राझिनमुळे थोड्या लोकांना गांध्या उठतात, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. बाकीच्या जनतेला काही होत नाही, म्हणूनच तो विकला जातो.

परवानगी आहे ती ठराविक पदार्थांत, म्हणजे मिठाई, बिस्किटं, आईस्क्रीम, सरबतं वगैरे. आणि मर्यादा बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलिग्रॅम. गणित करून बघा : एक ग्रॅम शुद्ध रंग दहा किलो पदार्थाला पुरायला हवा. गाडीवर चिमूट मोजायला वजनकाटा नसतो, "कलर आला पाहिजे" हेच माप. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत हेच टारट्राझिन, सनसेट यलो आणि कार्मोइसिन सापडले होते. जून २०२४ मध्ये तिथेच कबाबांचा नंबर लागला. म्हणजे हा प्रश्न एकट्या आपल्या गेटसमोरचा नाही.

एक वाईट प्रयोग

सेकंड इयरला एका मित्राचा वाढदिवस होता. ऑर्डर द्यायचं काम दुसऱ्याकडे. "तुझ्यासाठी बिनरंगाचं सांगितलंय," असं तो म्हणाला आणि मी विश्वासाने खाल्लं. प्रत्यक्षात त्याने काहीच सांगितलेलं नव्हतं. याचा त्रास खरा की मनाचा, हे त्याला बघायचं होतं! रात्री एक वाजता माझे ओठ सुजले, डोळे मिटले. रेक्टर सरांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. इंजेक्शन घेऊन पहाटे परत आलो, तेव्हा तो मित्र जिन्यात बसून होता. काही बोलला नाही.

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. "त्रास होईल" या भीतीनेही माणसाला त्रास होऊ शकतो, म्हणूनच तर डबल ब्लाइंड चाचण्या करतात. पण त्या डॉक्टरांसमोर, औषध तयार ठेवून आणि ज्याच्यावर करायच्या त्याच्या संमतीने. रूम नंबर अमुकमध्ये रात्री अकराला नव्हे. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी लेखाचं सार्थक झालं. आता हॉटेलात वेटर आला, की माझ्या आधी तोच विचारतो.

विचारायचं कसं?

बाहेर खाताना निम्मं काम विचारण्यात आहे, आणि ते मी चुकतमाकत शिकलो.

पूर्वी मी विचारायचो, "काका, यात कलर टाकता का?" उत्तर ठरलेलं : "छे छे, अजिबात नाही!" कारण हा प्रश्न त्यांना इन्स्पेक्टरचा वाटतो. आता मी म्हणतो, "काका, रंगाने माझ्या अंगावर पित्त उठतं. तुमच्याकडे बिनरंगाचं काय मिळेल?" लगेच माणूस बदलतो. "मग शेजवान नको रे बाळा, मंचुरियनच्या पिठातपण आहे. तू हक्का घे, तव्यावर वेगळा टाकतो." खरं उत्तर देणं समोरच्याला सोपं जाईल, असा प्रश्न विचारायचा.

आणखी काही अनुभवाच्या गोष्टी :

तयार ग्रेव्ही, मुरवलेलं मांस, सकाळी भिजवलेलं पीठ, बाटलीतला सॉस यांतून रंग काढता येत नाही. समोर ताजं बनतं त्यातून वगळता येतं. म्हणून डोसा, ऑम्लेट, पिठलं-भाकरी, थालीपीठ, दहीभात हे आपले मित्र.

गर्दीच्या वेळी कोणी ऐकून घेत नाही. साडेसातला जा, साडेनऊला नको. आणि दर वेळी नवी गाडी शोधण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणं पक्की करा.

पाकिटावर बारीक अक्षरांतले आकडे वाचा. शंभरातले रंग, दोनशेतले टिकवणारे, सहाशेतले चव वाढवणारे. आपला आकडा कुठला तेवढाच लक्षात ठेवायचा, सगळ्यांना घाबरायचं कारण नाही.

दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना जुलै २०२२ पासून मेनूबरोबर ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. पण त्या यादीत रंग येत नाहीत. तिथेही तोंडाने विचारावंच लागतं.

गोळ्या-औषधांतही रंग असतात. खोकल्याचं लाल-पिवळं सिरप, रंगीत कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. ज्यांना वारंवार गांध्या उठतात त्यांचा त्रास ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही वाढू शकतो.

दमा असेल तर

माझ्या रूम-पार्टनरला रंगाने काही होत नाही, पण त्याला दमा आहे. बाटलीतलं स्क्वॅश पाण्यात घालून प्यायला, की पाच मिनिटांत छाती भरायची. तिथे कारण वेगळं : सल्फाइट, आकडे २२० ते २२८. सरबतांचे स्क्वॅश, भडक नारिंगी जर्दाळू, पिवळे बेदाणे, वाइन यांत ते असतं. त्यातून सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूने दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिका आवळतात. अमेरिकेत हॉटेलातली कापलेली सॅलड ताजी दिसावीत म्हणून सल्फाइट मारायचे. त्याने काही लोक दगावले आणि १९८६ साली कच्च्या फळं-भाज्यांवर त्याला बंदी आली. आपल्याकडे किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर पाकिटावर लिहावं लागतं. आता तो ताज्या लिंबाचं सरबत पितो आणि इनहेलर खिशात ठेवतो.

थांबायचं नाही अशी वेळ

नुसत्या गांध्या असतील तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेऊन झोपता येतं. पण जीभ, ओठ किंवा घसा सुजणं, आवाज घोगरा होणं, श्वासाला त्रास, चक्कर यांतलं काहीही झालं तर आमसूल शोधत बसू नका. १०८ ला फोन करा, रेक्टर सरांना उठवा, दवाखाना गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि ज्याला त्रास आहे त्याने निदान रूम-पार्टनरला आधीच सांगून ठेवावं. मी लाजून सांगितलं नव्हतं, आणि त्या वाढदिवसाच्या रात्री कुणाला काही सुचलं नाही.

पांढरी जिलबी

शेवटी मेसबद्दल. वही पूर्ण झाल्यावर मी ती घेऊन मेसच्या काकांकडे गेलो होतो. मला वाटलं, चिडतील. त्यांनी वही उलटसुलट केली आणि म्हणाले, "अरे, आधी सांगायचं की. रंग काय, दिसण्यापुरता असतो." तेव्हापासून फीस्टला पिठात रंग घालायच्या आधी ते एक वाटी पीठ बाजूला काढतात. माझी जिलबी पांढरट निघते. पहिल्यांदा टेबलावर सगळे हसले, "आजारी जिलबी" म्हणाले. मग एकाने खाऊन बघितली.

चव तीच आहे. खात्री नसेल, तर येत्या रविवारी दुपारी माझ्या टेबलावर या. मात्र वाटीभर पिठाच्या सात-आठच निघतात, तेव्हा लवकर या!