चित्र हळूच उमटतं तेव्हा

मोबाइलवर बातम्यांचं एखादं अ‍ॅप उघडा. मजकूर लगेच दिसतो. छायाचित्राच्या जागी मात्र आधी करडा चौकोन असतो आणि मग चित्र हळूच उमटतं. हे उमटणं मुद्दाम घडवलेलं असतं बरं का!

चित्र दूरच्या सर्व्हरवरून यायला वेळ लागतो. आल्याआल्या ते एकदम आदळलं, तर नजर दचकते. म्हणून आधी ते पूर्ण पारदर्शक ठेवून क्रमाक्रमाने गडद करतात. अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपसाठी २०१३ साली आलेल्या 'पिकासो' या साधनात त्यासाठी २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, ठेवलेला होता. मात्र चित्र फोनच्या मेमरीत आधीच असेल, तर ते तत्काळ दाखवलं जाई. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला ताटकळत का ठेवायचं?

खरी मेख पुढेच आहे. लांबलचक यादी सरकवताना वर गेलेली ओळ टाकून दिली जात नाही. तीच खालून नव्या मजकुरासह वापरली जाते. जुन्या ओळीचं चित्र उशिरा पोचलं, तर भलत्याच नावापुढे भलताच चेहरा झळकतो. डॉक्टरांच्या यादीत असं झालं तर? म्हणून ओळ बदलली की जुनी मागणी रद्द करावी लागते.

चित्राची जागाही आधीच राखून ठेवावी लागते. नाहीतर चित्र येताच मजकूर खाली घसरतो आणि बोट नको त्या बटणावर पडतं.

थोडक्यात, आधी योग्य चित्र योग्य जागी. उमटण्याची नजाकत त्यानंतर.