दवाखान्यातील नोंदींचे भांडार : ‘नॅस’चा क्षमताविस्तार

रुग्णपत्रे, तपासणी-अहवाल, त्वग्विकारांची छायाचित्रे, औषधविक्रीचे हिशेब आणि जुन्या पोथ्यांच्या स्कॅन-प्रती एकत्र ठेवण्यासाठी अनेक वैद्यांनी व औषधालयचालकांनी घरी ‘नॅस’ हे उपकरण बसविले आहे. नॅस म्हणजे घरातील नेटवर्कला जोडलेली, बहुधा दोन वा चार हार्ड डिस्क सामावणारी साठवणपेटी. ती भरत आली की मोठ्या डिस्क आणून बसविणे, एवढाच विचार सामान्यतः होतो. परंतु संगृहीत माहितीच्या दृष्टीने विस्ताराचा काळच सर्वाधिक नाजूक असतो. यास्तव त्याचे पूर्वनियोजन अगत्याचे ठरते.

गरजेचे अनुमान

प्रथम आजचा साठा व मागील वर्षातील वाढ पाहावी. समजा, २.६ टेराबाईट जागा व्यापली असून दरवर्षी अर्धा टेराबाईट वाढ होते. तीन वर्षांनंतर साठा ४.१ टेराबाईट होईल. एक-पंचमांश जागा मोकळी राखावयाची, तर सुमारे ५.१ टेराबाईट क्षमता हवी. उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात, तर बहुतेक उपकरणे द्विमान पद्धतीने. म्हणून ६ टेराबाईटची डिस्क प्रत्यक्षात सुमारे ५.४ दिसते. या उदाहरणात ती पुरेशी आहे. ४ टेराबाईटची अपुरी पडेल.

डिस्कची रचना

दोन डिस्कच्या ‘रेड १’ रचनेत दोन्हींवर तीच माहिती असते. येथे एक डिस्क बदलावी, पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यावी, मगच दुसरी बदलावी. दोन्ही बदलल्याशिवाय क्षमता वाढत नाही. चार डिस्कच्या ‘रेड ५’ रचनेत एका डिस्कइतकी जागा संरक्षणासाठी जाते; ४ टेराबाईटच्या चार डिस्कमधून १२ टेराबाईट मिळतात. डिस्क असमान असल्यास प्रत्येक डिस्क सर्वांत लहान डिस्कएवढीच मोजली जाते. सिनॉलॉजीच्या ‘एसएचआर’ पद्धतीत ही हानी कमी होते : ४, ४, ८, ८ अशा डिस्कमधून रेड ५ मध्ये १२, तर एसएचआरमध्ये १६ टेराबाईट उपलब्ध होतात.

खरेदीपूर्वी डिस्क ‘सीएमआर’ प्रकारची असल्याची खातरजमा करावी. ‘एसएमआर’ डिस्कवर सलग लेखन मंदावते व पुनर्बांधणी लांबते. आपल्या रेड मालिकेतील काही डिस्क एसएमआर असल्याचे वेस्टर्न डिजिटलने २०२० मध्ये मान्य केले होते. तेव्हा केवळ मालिकेच्या नावावर विसंबू नये. उपकरणाच्या उत्पादकाची अनुरूप डिस्कची यादीही पाहावी.

विस्तारापूर्वीची दक्षता

८ टेराबाईटची डिस्क सरासरी १५० मेगाबाईट प्रतिसेकंद वेगाने भरण्यास सुमारे १५ तास लागतात. या अवधीत उपरोक्त दोन्ही रचनांत दुसरी डिस्क निकामी झाली तर माहिती गमावण्याचा धोका असतो. जुन्या डिस्क एकाच वेळी घेतलेल्या असल्यास त्यांचे वयही सारखेच असते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी संपूर्ण प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर घ्यावी आणि तिच्यातील काही धारिका प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेले रुग्णपत्र सर्व डिस्कवरून एकदमच नाहीसे होते. खंडणीखोर संगणक-विषाणूने कुलूपबंद केलेल्या धारिकांचेही तसेच. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक अन्य स्थळी, हा नियम म्हणूनच सर्वत्र सांगितला जातो.

प्रत्येक डिस्कवर तिच्या खान्याचा क्रमांक व अनुक्रमांक लिहावा, म्हणजे चालू डिस्क चुकून निघणार नाही. वीज खंडित होण्याचा संभव ध्यानी घेऊन उपकरण यूपीएसला जोडावे. शनिवारी सायंकाळी काम सुरू केल्यास रविवारच्या सुटीचा लाभ होतो.

काढलेल्या जुन्या डिस्क नवी रचना निर्वेधपणे चालल्याची खात्री होईपर्यंत जपाव्यात. नंतर त्या भंगारात देण्यापूर्वी पूर्णतः पुसाव्यात अथवा नष्ट कराव्यात. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली व्याधी ही त्याची खासगी बाब आहे, आणि डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये आपल्या देशात स्वतंत्र कायदाही संमत झाला आहे. औषधालयातील सहायकाकडे हे काम सोपविताना त्यास एवढी कल्पना अवश्य द्यावी.